मोठे, लहान, बरोबर : लॅडर प्रोग्राममधल्या तुलनेचा आढावा

शेंदूरजनाघाट हे नाव वऱ्हाडात संत्र्याच्या कलमांशी जोडलेले आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या, वरुड तालुक्यातल्या या गावाच्या रोपवाटिकांत जंभेरीच्या खुंटावर डोळे भरून तयार केलेली कलमे दूरदूर जातात. अशा गावाच्या संदर्भात औद्योगिक नियंत्रकांची चर्चा पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटेल. पण संत्र्याच्या प्रतवारीची आणि वॅक्सिंगची यंत्रे, ठिबकचे स्वयंचलित व्हॉल्व्ह, विहिरीवरचे आणि बोअरवरचे पॅनेल, अकोल्याकडच्या जिनिंग-प्रेसिंग आणि डाळ मिल हे सगळे आज कमीअधिक प्रमाणात पीएलसीवर (प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलरवर) किंवा त्याच्या लहान भावंडांवर चालते. या यंत्रांत जे निर्णय होतात, त्यांतले बहुतेक एकाच प्रकारचे असतात. एक आकडा दुसऱ्या आकड्यापेक्षा मोठा आहे का, लहान आहे का, की बरोबर आहे?

लॅडर प्रोग्रामिंगमध्ये हे काम करणाऱ्या सूचनांना कंपेअर इन्स्ट्रक्शन म्हणतात. शाळेतल्या गणितात हा विषय तिसरी-चौथीत संपतो. कारखान्यात तो पन्नास वर्षे झाली तरी संपलेला नाही. काही वाद मिटले, काही नुसते जागा बदलून बसले, आणि काही अजून खुले आहेत. त्यांचा हा आढावा.

पार्श्वभूमी

१९६८ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेंनी भरलेल्या कपाटांचा कंटाळा आला होता. मोटारीचे मॉडेल बदलले की शेकडो रिलेंची वायरिंग उपसून नव्याने करावी लागे. त्यावर उपाय म्हणून डिक मोर्ले आणि बेडफोर्ड असोसिएट्स यांनी जो नियंत्रक तयार केला, तो १९६९ मध्ये ‘मोडिकॉन ०८४’ या नावाने बाहेर आला.  हा नियंत्रक चालवणार होते इलेक्ट्रिशियन, संगणकवाले नव्हेत. म्हणून त्याची भाषा रिलेच्या सर्किट आकृतीसारखीच ठेवली गेली. डावीकडे एक उभी पट्टी, उजवीकडे दुसरी, मधल्या आडव्या पायऱ्यांवर कॉन्टॅक्ट आणि शेवटी कॉइल. पायरीवरचे कॉन्टॅक्ट जुळले की कॉइल चालू. हीच लॅडर.

रिलेच्या जगात फक्त हो आणि नाही होते. टायमर आणि काउंटर होते, पण त्यांच्या पोटातला आकडा काढून दुसऱ्या आकड्याशी ताडून पाहण्याची सोय रिलेत नसते. १९७० च्या दशकात मायक्रोप्रोसेसर आले आणि नियंत्रकांत बेरीज-वजाबाकी, आकड्यांची हलवाहलव आणि तुलना शिरली. शिडीवर प्रथमच असा कॉन्टॅक्ट आला, ज्याच्यामागे बटण नव्हते की लिमिट स्विच नव्हता. होती फक्त दोन आकड्यांची तुलना. पुढची सगळी भांडणे या पाहुण्यामुळे सुरू झाली.

प्रत्येक कंपनीने त्याला आपापल्या पद्धतीने घरात घेतले. १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने प्रोग्रामिंग भाषांचे मानक काढले. आज ते ६११३१-३ या क्रमांकाने ओळखले जाते. त्यात तुलनेची सहा कार्ये ठरली : मोठे, मोठे-किंवा-बरोबर, बरोबर, लहान-किंवा-बरोबर, लहान आणि वेगळे. नावे एक झाली, तरी वागणूक एक झाली असे म्हणता येत नाही.

रूपाचा वाद

पहिला वाद दिसण्याचा होता. तुलना ही पायरीच्या शेवटी बसणारी पेटी असावी, की पायरीच्या मध्ये बसणारा कॉन्टॅक्ट?

ओम्रॉनच्या जुन्या मालिकांत तुलना ही पेटी होती. ती चालली की उत्तर काही ठरावीक ध्वजांत (फ्लॅगमध्ये) उमटे : मोठे, बरोबर, लहान. पुढच्या पायरीवर तो ध्वज कॉन्टॅक्ट म्हणून वापरायचा. अडचण अशी की हे ध्वज सामायिक होते. मध्ये कोणी बेरजेची एक पायरी घुसवली, तर तीही त्याच ध्वजांना हात लावत असे आणि खालचा कॉन्टॅक्ट भलत्याच प्रश्नाचे उत्तर देत राही. प्रोग्राम छापून भिंतीवर लावला तरी ही चूक नजरेला पडत नाही, कारण प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे बरोबरच असते.

मित्सुबिशीच्या एफएक्स मालिकेतील सीएमपी सूचना वेगळी. ती सलग तीन बिटे घेते. पहिले ‘मोठे’साठी, दुसरे ‘बरोबर’साठी, तिसरे ‘लहान’साठी. एका पेटीत तिन्ही उत्तरे मिळतात, ही सोय. पण पेटीला चालवणारा कॉन्टॅक्ट बंद झाला की ती तिन्ही बिटे शून्य होत नाहीत. शेवटचे उत्तर धरून बसतात. ज्याने माहितीपुस्तिका नीट वाचली आहे त्याला हे ठाऊक असते. बाकीचे यंत्रावर शिकतात.

अ‍ॅलन-ब्रॅडलीने बऱ्याच आधी दुसरी वाट धरली. त्यांच्या ईक्यूयू, जीआरटी, एलईएस वगैरे सूचना पायरीच्या इनपुट बाजूला बसतात आणि कॉन्टॅक्टसारख्याच वाचता येतात. पुढे मित्सुबिशी, ओम्रॉन, डेल्टा, सीमेन्स सगळ्यांनीच कॉन्टॅक्टच्या रूपातली तुलना दिली. आपल्याकडच्या लहान यंत्रांत डेल्टाचे पीएलसी पुष्कळ दिसतात. त्यांतही जुनी सीएमपी आहे आणि नवी कॉन्टॅक्ट-तुलनाही आहे.

या वादाचा निकाल लागला आहे असे माझे मत आहे. नव्या कामात कॉन्टॅक्टच्या रूपातली तुलनाच वापरावी. तिचे उत्तर त्याच पायरीवर जन्मते आणि तिथेच खर्च होते. पेटीची बाजू अगदीच लंगडी मात्र नाही. एकच तुलना दहा ठिकाणी लागत असेल, तर ती एकदा करून उत्तर नाव दिलेल्या बिटात ठेवणे हे वेळेच्याही आणि एकवाक्यतेच्याही दृष्टीने चांगले. पण ते काम कॉन्टॅक्ट आणि कॉइल मिळूनही होते.

‘बरोबर’ कधी म्हणावे

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. काउंटर १०० वर आला की पेटी भरली असे धरायचे. मग पायरीवर ‘काउंटर बरोबर १००’ लिहावे, की ‘काउंटर १०० किंवा अधिक’?

पीएलसी सतत पाहत नसतो. तो सगळे इनपुट एकदा वाचतो, सगळ्या पायऱ्या वरून खाली सोडवतो, आउटपुट लिहितो आणि पुन्हा सुरू करतो. या फेरीला स्कॅन म्हणतात. समजा प्रतवारीच्या पट्ट्यावर एन्कोडर दर मिलिमीटरला एक ठोका देतो आणि पट्टा सेकंदाला ६०० मिलिमीटर धावतो. स्कॅन १० मिलिसेकंदांचा असेल, तर दोन स्कॅनमध्ये सहा ठोके निघून जातात. ‘बरोबर २४०’ असे लिहिले, तर नियंत्रकाने पाहिले तेव्हा आकडा २३७ असेल आणि पुढच्या वेळी २४३. मधला २४० कोणी पाहिलाच नाही. सहांत एखादे फळ नशिबाने योग्य खणात पडेल, बाकीची सरळ शेवटाला जातील. टेबलावर यंत्र हळू चालवून पाहिले तेव्हा मात्र सगळे ठीक दिसते, म्हणून ही चूक बसवणाऱ्याच्या पाठीमागे, हंगाम भरात असताना उघड होते.

म्हणून एक मोठा गट म्हणतो की मोजणीत ‘बरोबर’ लिहूच नये, नेहमी ‘किंवा अधिक’ लिहावे. दुसऱ्या गटाचे म्हणणेही ऐकण्यासारखे आहे. ‘किंवा अधिक’ एकदा खरे झाले की खरेच राहते. म्हणजे त्याला एकवार चालणारा कॉन्टॅक्ट जोडावा लागतो आणि काउंटर वेळेवर शून्य करावा लागतो. शिवाय क्रमवार चालणाऱ्या यंत्रात अवस्थेचा क्रमांक हा मापाचा आकडा नसून नावासारखा असतो. धुणे ही १० क्रमांकाची अवस्था, वाळवणे २०, वॅक्सिंग ३०. तिथे ‘२० किंवा अधिक’ लिहिणे म्हणजे वाळवण्याचा पंखा वॅक्सिंगमध्येही चालू ठेवणे. अशा ठिकाणी ‘बरोबर’ हेच बरोबर. वेगवान ठोक्यांसाठी तिसराही मार्ग आहे. बहुतेक पीएलसींत हाय-स्पीड काउंटर असतो. तो स्कॅनची वाट न पाहता तुलना स्वतः करतो. म्हणजे तुलना शिडीवरून उतरवून हार्डवेअरकडे सोपवायची.

दशांश आकड्यांच्या बाबतीत मात्र दोन गट नाहीत. ३२ बिटांच्या दशांश प्रकारात ०.१ सारखी साधी संख्याही अचूक साठवता येत नाही, म्हणून दोन दशांश आकडे ‘बरोबर’ आहेत का असे विचारू नये, यावर सगळ्यांचे एकमत आहे. फरक ठरावीक मर्यादेत आहे का, एवढेच विचारावे. याच प्रकाराची दुसरी खोड कमी लोकांना ठाऊक असते. १,६७,७७,२१६ या आकड्यानंतर त्यात १ मिळवला तरी आकडा वाढत नाही. ताशी २०,००० लिटर पाणी देणारा पंप रोज आठ तास चालला आणि पाण्याचा मीटर लिटरला एक ठोका देत असला, तर साडेतीन महिन्यांत बेरीज तिथे पोचते. हंगामाची मर्यादा दोन कोटी लिटर ठेवली असेल, तर ‘एकूण पाणी दोन कोटी किंवा अधिक’ ही तुलना कधीच खरी होणार नाही. पाणी वाहत राहील आणि मीटर एकाच आकड्यावर उभा राहील. बेरीज पुरेशा मोठ्या पूर्णांकात ठेवणे हा त्यावरचा सोपा उपाय.

सीमेवरचे फळ

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या खिशाशी थेट संबंध येतो तो या प्रश्नाचा. संत्र्याचा भाव आकाराप्रमाणे बदलतो. यंत्र फळाचा व्यास मोजते आणि तुलना त्याला खण दाखवते. समजा एक खण ६० ते ६५ मिलिमीटरचा आणि पुढचा ६५ ते ७० चा. बरोबर ६५ चे फळ कुठे जाणार?

मर्यादा तपासणाऱ्या तयार सूचना जवळपास सगळ्या कंपन्यांत आहेत. अ‍ॅलन-ब्रॅडलीची लिम, मित्सुबिशीची झेडसीपी, सीमेन्सची इन-रेंज. तिन्ही सूचना दोन्ही टोके आत धरतात. त्यामुळे वरच्या उदाहरणात ६५ चे फळ दोन्ही खणांचे ठरते आणि दोन ढकलपट्ट्या एकाच फळावर धावतात. कोणी घाबरून दोन्हीकडे ‘मोठे’ आणि ‘लहान’ वापरले, बरोबरचे चिन्ह काढून टाकले, तर तेच फळ कोणाचेच राहत नाही आणि बाद मालात पडते. एका फळाने काय होते? मोजमाप पूर्ण मिलिमीटरमध्ये होत असेल, तर प्रत्येक सीमेवर एक पूर्ण मिलिमीटरभर फळे अडकतात. ट्रकभर मालात ती थोडी नसतात.

यावर दोन पद्धती रूढ आहेत. पहिलीत खालचे टोक आत, वरचे टोक बाहेर असा नियम सगळ्या खणांना सारखा लावतात. दुसरीत लहान आकारापासून एकेक पायरी उतरत जायचे आणि पहिली जुळलेली पायरी अंतिम मानायची. पहिली वाचायला स्वच्छ, पण तयार मर्यादा-सूचना सोडावी लागते. दुसरीत सूचना कमी लागतात. पायऱ्यांचा क्रम कोणी बदलला की मात्र निकालही बदलतो. दोन्ही चालतात. यंत्रात कोणती आहे हे कुठेच लिहिलेले नसणे, ही खरी अडचण.

कापसातही हेच आहे. भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीत ८ टक्क्यांपर्यंतच्या ओलाव्याला पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात आणि त्यावर खरेदी नाही, अशी पद्धत आहे. ओलावा मोजणारे यंत्र स्वतःच अर्ध्या-एक टक्क्याने इकडेतिकडे होत असेल, तर १२ आणि १२.१ यांच्यामधली तुलना किती गंभीरपणे घ्यायची? तुलना सेन्सरपेक्षा अचूक असू शकत नाही. प्रोग्रामरांच्या चर्चेत हा मुद्दा क्वचित येतो, बाजार समितीच्या आवारात रोज येतो.

उंबरठ्यावरची धडधड

टाकी ४० टक्क्यांखाली गेली की पंप सुरू, एवढी एकच तुलना लिहिली तर काय होते हे प्रत्येक पॅनेलवाल्याला माहीत आहे. पाणी हलते, सेन्सरचा आकडा ३९ आणि ४० मध्ये नाचतो, कॉन्टॅक्टर धडधडतो आणि आठवड्यात त्याचे पॉइंट जळतात. उपाय दोन. एक, सुरू होण्याचा आकडा वेगळा आणि बंद होण्याचा वेगळा ठेवायचा : ४० ला सुरू, ९० ला बंद, मधल्या पट्ट्यात आहे तीच अवस्था. दोन, तुलना सलग काही सेकंद खरी राहिली तरच मानायची. पहिल्याचे समर्थक म्हणतात की वेळेची अट लावली तर खरा धोका आला तेव्हाही यंत्र थांबून राहते. दुसऱ्याचे समर्थक म्हणतात की विजेच्या धक्क्याने एकच स्कॅन आकडा उसळला, तर पट्ट्याचा उपयोग होत नाही. नियमनाला पट्टा आणि गोंगाटाला वेळ, अशी वाटणी आता बहुतेकांना मान्य आहे.

कोरड्या बोअरची गोष्ट यापेक्षा अवघड. वरुड-मोर्शी पट्टा भूजलाच्या अतिउपशासाठी ओळखला जातो. बोअर आटली आणि सबमर्सिबल कोरडी फिरत राहिली की मोटार जळते. रूढ उपाय असा : कोरड्या मोटारीवर भार कमी, म्हणून प्रवाह कमी. प्रवाह ठरावीक अँपिअरच्या खाली गेला की मोटार बंद. तुलना सोपी आहे, पण तिच्या तीन बाजूंना खड्डे आहेत. मोटार सुरू करण्याची आज्ञा जाते त्या क्षणी प्रवाह अजून शून्यच असतो, म्हणून सुरुवातीचे काही सेकंद ही तुलना झाकून ठेवावी लागते. व्होल्टेज कमी असले की त्याच भाराला प्रवाह जास्त लागतो. मग पाणी कमी झालेल्या बोअरचा प्रवाहसुद्धा नेमलेल्या आकड्याच्या वर राहू शकतो. आणि बोअर आटून पुन्हा भरते. म्हणजे बंद केलेली मोटार पुन्हा कधी सुरू करायची हाही तुलनेचाच भाग होतो.

म्हणून एक मत असे की अँपिअरऐवजी शक्तीची, म्हणजे वॅटची तुलना करावी; त्यात व्होल्टेजही धरले जाते आणि रिकामा-भरलेला फरक अधिक ठळक दिसतो. दुसरे मत असे की प्रवाहाबरोबर व्होल्टेजची स्वतंत्र तुलना ठेवली तर तेवढ्याने भागते आणि खर्च वाढत नाही. तिसरे मत जुन्या वायरमनांचे : बोअरमध्ये पाण्याची पातळी ओळखणारे इलेक्ट्रोड सोडा, तुलनेच्या भानगडीत पडूच नका. क्षार चढून इलेक्ट्रोड फसवतात, हे खरे. पण खोट्या प्रवाहापेक्षा ते कमी फसवतात का, याचे उत्तर बोअरगणिक वेगळे येते. हा प्रश्न मिटलेला नाही.

रात्रीची लाइन

बऱ्याच ठिकाणी शेतीपंपांना थ्री-फेज लाइन चक्राकार पद्धतीने मिळते. कधी दिवसा, कधी रात्री. म्हणून वेळेची तुलना इथल्या पॅनेलांत अटळ आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत व्हॉल्व्ह उघडायचे असतील, तर नवशिका लिहितो : वेळ २२०० पेक्षा अधिक आणि वेळ ६०० पेक्षा कमी. दोन कॉन्टॅक्ट एकापुढे एक. अशी वेळ घड्याळात येतच नाही. मध्यरात्र ओलांडणाऱ्या पट्ट्यासाठी कॉन्टॅक्ट समांतर लावावे लागतात : २२०० किंवा अधिक, अथवा ६०० पेक्षा कमी.

इथे अ‍ॅलन-ब्रॅडलीच्या लिम सूचनेचा एक गुण मदतीला येतो. तिच्यात खालची मर्यादा वरच्या मर्यादेपेक्षा मोठी दिली, तर ती उलट वागते आणि दोन मर्यादांच्या बाहेरचे आकडे खरे मानते. खालची २२००, वरची ६०० दिली की रात्रीचा पट्टा आपोआप मिळतो. काहींना ही सोय फार सुबक वाटते. काहींना ती सापळा वाटते, कारण टच स्क्रीनवर कोणी चुकून मर्यादांची अदलाबदल केली, तर यंत्र तक्रार न करता नेमके उलटे चालू लागते. मी दुसऱ्या बाजूला झुकतो. वेळेसाठी वापरावी, मापासाठी वापरताना आधी मर्यादांचीच आपसात तुलना करून घ्यावी.

आणखी दोन गोष्टी. लहान पीएलसीचे घड्याळ बॅटरीवर टिकते. बॅटरी संपली आणि लाइन गेली की वेळ हरवते, आणि वेळेची प्रत्येक तुलना इमानेइतबारे चुकीचे उत्तर देते. दुसरे असे की लाइन येताच सगळ्या मोटारी एकदम उठल्या तर डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, ताण येतो, म्हणून महावितरण मोटार आपोआप सुरू करणारे ऑटोस्विच काढून टाकण्याचे आवाहन वारंवार करत आले आहे. व्होल्टेज ठीक आहे एवढी एक तुलना पुरेशी मानून लगेच मोटार उठवणारा पीएलसी हा महागडा ऑटोस्विचच. प्रत्येक पॅनेलला वेगवेगळा थांबा देणे अवघड नाही; ते करायचे कोणी, हे ठरलेले नाही.

आकडाच खोटा असेल तर

आतापर्यंतचे सगळे वाद आकडा खरा आहे असे धरून होते. गेल्या काही दशकांत चर्चेचे वजन सरकले आहे ते आकडा खोटा असण्याच्या शक्यतेकडे.

पातळी, दाब, तापमान यांचे सेन्सर ४ ते २० मिलिअँपिअरचा संकेत देतात. शून्याऐवजी ४ पासून सुरुवात करण्याचे एक कारण हे की तार तुटली तर ओळखता यावी. जर्मनीतल्या नामूर या संस्थेच्या एनई ४३ या शिफारशीने ३.६ च्या खाली आणि २१ च्या वर बिघाड समजावा असे ठरवून दिले. तरीही कित्येक प्रोग्राम फक्त मोजलेली पातळी पाहतात. टाकीच्या सेन्सरची तार उंदराने कुरतडली, आकडा शून्य झाला, ‘४० पेक्षा कमी’ खरे झाले आणि पंप टाकी भरून वाहेपर्यंत चालला. काही मॉड्यूलांत उलट होते. तार तुटली की सर्वांत मोठा आकडा येतो आणि टाकी भरली असे वाटून पंप सुरूच होत नाही. दोन्ही वेळा तुलना निर्दोष असते.

पूर्णांकांचेही तसेच. १६ बिटांचा चिन्हासह आकडा ३२,७६७ ला संपतो. वजन ग्रॅममध्ये ठेवले आणि काट्यावर २० किलोचे दोन क्रेट चढले, तर ४०,००० ऐवजी उणे २५,५३६ दिसेल. ‘वजन २०,००० पेक्षा कमी’ ही तुलना खरी होईल आणि यंत्र भरलेल्या क्रेटला रिकामे समजेल.

यातून दिशेचा सिद्धांत पुढे आला. पंप चालण्याची परवानगी ‘पाणी किमान पातळीपेक्षा अधिक’ अशी लिहावी, की पंप थांबवण्याची आज्ञा ‘पाणी किमान पातळीपेक्षा कमी’ अशी? गणितात दोन्ही एकच. पण दशांश प्रकारात ‘संख्याच नाही’ अशी एक अवस्था असते. चुकीच्या भागाकारातून ती उपजते, आणि तिच्याशी केलेली मोठे-लहानची प्रत्येक तुलना खोटी ठरते. पहिल्या पद्धतीत परवानगी जाते आणि पंप थांबतो. दुसऱ्या पद्धतीत थांबण्याची आज्ञा मिळत नाही आणि पंप चालत राहतो. म्हणून तुलना खोटी ठरली की यंत्र सुरक्षित बाजूला जावे, अशा दिशेने ती लिहावी, हे तत्त्व आज व्यापकपणे मान्य आहे. वापर मात्र तुरळक दिसतो.

याच्या पुढे जाऊन एक कडक मत आहे : जिवाशी संबंध असलेली तुलना साध्या पीएलसीत असूच नये. गाठी बांधणाऱ्या हायड्रॉलिक प्रेसचा जास्तीत जास्त दाब रिलीफ व्हॉल्व्हने अडवावा, आणीबाणीचे बटण थेट वायरिंगवर असावे, आणि प्रोग्रामच वापरायचा तर ६१५०८ या मानकाप्रमाणे बनलेला सुरक्षा-पीएलसी घ्यावा. याला कोणी तत्त्वतः विरोध करत नाही. विरोध येतो तो किमतीचा.

वाचणार कोण

राहिला भाषेचा प्रश्न. तुलना वाढल्या, त्यांत आणि-किंवाची गुंतागुंत आली की शिडी पसरते. ६११३१-३ मानकातल्या स्ट्रक्चर्ड टेक्स्ट या दुसऱ्या भाषेत तेच दोन ओळींत बसते. पॉलिटेक्निकमधून पीएलसी-स्काडा शिकून आलेल्या तरुणांना ती जवळची वाटते आणि मोठ्या शहरांतल्या यंत्रनिर्मात्यांचा कलही तिकडे आहे. लॅडरच्या बाजूचा युक्तिवाद वेगळ्या जागेवरून येतो. हंगामात पहाटे यंत्र अडले, तर दुरुस्तीला येणारा माणूस पुण्याहून येत नाही, वरुडहून येतो. त्याने लॅपटॉप लावला की कुठल्या पायरीवर हिरवी रेघ थांबली आहे हे त्याला दिसते. ‘पातळी ३८, हवी ४० किंवा अधिक’ असे दोन्ही आकडे कॉन्टॅक्टच्या वर दिसत असतील, तर भाषेचे ज्ञान बेताचे असले तरी काम होते. आकडेमोड टेक्स्टमध्ये आणि निर्णय लॅडरमध्ये, ही तडजोड मला व्यवहार्य वाटते.

मर्यादांचे आकडे कुठे असावेत यावर एकमत कमी आहे. प्रोग्राममध्येच ६५ लिहून ठेवला, तर कोणी छेडछाड करत नाही. पण मृग बहाराच्या आणि आंबिया बहाराच्या मालासाठी वेगळी मर्यादा हवी झाली की प्रोग्रामरला बोलवावे लागते. टच स्क्रीनवर दिला, तर यंत्र चालवणारा तो बदलू शकतो, आणि ज्याचा माल आहे त्याला कळतही नाही. वजनकाट्यावरचा वैधमापन खात्याचा शिक्का शेतकरी बघून घेतो. पॅनेलमधला ६५ कोण बघतो? बदल केव्हा आणि कोणी केला याची नोंद ठेवण्याची सोय आजच्या अनेक टच स्क्रीनमध्ये आहे. ती चालू ठेवावी असा आग्रह खरेदी करणाऱ्यांकडून आल्याशिवाय पुरवठादार ती देणार नाहीत.

प्रतवारीची लाइन, ठिबकचे पॅनेल किंवा प्रेस घेणाऱ्या वाचकांनी शेवटचा हप्ता देण्याआधी पुरवठादाराकडून तीन गोष्टी मागून घ्याव्यात : शेरे लिहिलेला पूर्ण प्रोग्राम, सगळ्या मर्यादांचा एका पानावरचा तक्ता, आणि प्रत्येक सेन्सरची तार काढल्यावर यंत्र काय करते याची समोर करून दाखवलेली चाचणी.